वर येण्याची विद्या

समुद्रात खोल जायला विशेष काही लागत नाही. दगड जातो, तुटलेला नांगर जातो, फुटलेलं जहाज जातं. पाण्याहून जड वस्तू सोडून दिली की ती आपोआप तळ गाठते, मग तो तळ दोनशे मीटरवर असो की सहा हजारांवर. खाली गेलेलं यंत्र आत बसलेल्या माणसांसकट वर यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाण्याजोगं असावं, यासाठी मात्र सगळी विद्या पणाला लागते. खोल समुद्रात माणसं घेऊन जाणाऱ्या संशोधन पाणबुड्यांचा इतिहास आपल्याला सहसा खोलीच्या आकड्यांत सांगितला जातो: अमुक साली इतके मीटर, तमुक साली तितके. तो वर येण्याच्या बाजूने वाचला पाहिजे, असं मला वाटतं. तसा वाचायचा तर 'ॲल्व्हिन'इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे. तिथली समुद्रविज्ञान संस्था ही पाणबुडी १९६४ पासून चालवते आहे. तिने पाच हजारांहून जास्त बुड्या मारल्या, आणि तिच्यातून गेलेल्या एकाही माणसाचा जीव गेलेला नाही.

हे साधणं इतकं कठीण का, ते आधी पाहू. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. चार हजार मीटरवर एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे चारशे किलोंचा भार पडतो, आणि तो सगळ्या बाजूंनी सारखा पडतो. असा भार गोल आकार सर्वांत चांगला पेलतो, कारण तो सगळीकडे सारखा वाटला जातो. एखाद्या कोपऱ्यात साचत नाही. म्हणून माणसं बसण्याची जागा धातूच्या पोकळ गोलाची करतात. आणखी खोल जायचं तर भिंत आणखी जाड हवी. भिंत जाड करत नेली की एका मर्यादेनंतर तो गोल आतल्या हवेसकट पाण्यापेक्षा जड होतो आणि स्वतःच बुडू लागतो. त्याला बॅटऱ्या, मोटारी, सांगाडा, यांत्रिक हात जोडले की वजन आणखी वाढतं. म्हणजे खाली जिवंत राहण्यासाठी जी ताकद अंगी आणावी लागते, तीच वर येण्याच्या आड येते. हा पेच सोडवण्याचे जे प्रयत्न झाले, तोच या पाणबुड्यांचा इतिहास.

पहिलं उत्तर साधं होतं: दोर. विल्यम बीब आणि ओटिस बार्टन या दोघांनी बर्म्युडाजवळ पोलादी दोराला टांगलेला एक गोल पाण्यात सोडला. त्याचं नाव बॅथिस्फिअर. १९३४ च्या ऑगस्टमध्ये ते त्यात बसून ९२३ मीटरपर्यंत गेले. तोवर कोणत्याही माणसाने जिवंतपणी न पाहिलेले प्राणी त्यांनी लहानशा खिडकीतून पाहिले. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण वर येणं त्यांच्या हाती नव्हतं. ते जहाजावरच्या यंत्राच्या आणि एका दोराच्या हाती होतं. दोर तुटला असता तर पुढे काही करण्यासारखं उरलं नसतं. शिवाय खोली वाढते तसं दोराचं स्वतःचंच वजन वाढत जातं, त्यामुळे या वाटेने फार पुढे जाता येणार नव्हतं.

दुसरं उत्तर ऑग्युस्त पिकार या स्विस शास्त्रज्ञाने दिलं. फुग्यातून आकाशात उंच जाण्याचा विक्रम त्याने आधीच केला होता, आणि समुद्राकडेही त्याने त्याच नजरेने पाहिलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि प्रचंड दाबाखालीही फारसं आक्रसत नाही. म्हणून त्याने जड गोलाच्या वर पेट्रोलने भरलेली भलीमोठी टाकी बसवली. खाली जाताना बरोबर लोखंडी छऱ्यांचं वजन घ्यायचं आणि वर येताना ते सोडून द्यायचं. हे छरे विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले असत. वीज आहे तोवर छरे जागेवर. वीज गेली की चुंबक सुटणार, छरे गळून पडणार आणि यान आपोआप वर निघणार. बिघाड झाला तर तो आपल्याला वरच नेईल, अशी ही रचना. यंत्रविद्येत मला माहीत असलेल्या सर्वांत सुंदर विचारांपैकी हा एक आहे. काहीतरी बिघडणारच, हे पिकारने आधी मान्य केलं आणि बिघाडाची दिशा तेवढी ठरवून ठेवली.

याच रचनेच्या 'त्रिएस्ते' या यानातून त्याचा मुलगा जॅक पिकार आणि अमेरिकी नौदलाचा डॉन वॉल्श २३ जानेवारी १९६० रोजी मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटरवर पोचले आणि परत आले. खाली त्यांनी जेमतेम वीस मिनिटं काढली. टेकताना उठलेल्या गाळाने पाणी ढवळलं गेलं आणि छायाचित्रंसुद्धा घेता आली नाहीत. माणूस सर्वांत खोल जागी जाऊन परत येऊ शकतो, हे सिद्ध झालं. पण पेट्रोलच्या त्या अजस्र टाकीसह तळावर इकडेतिकडे हिंडणं, एखादा दगड निरखणं, उद्या पुन्हा येणं यातलं फारसं काही जमणारं नव्हतं.

मग १९६३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेची अणुपाणबुडी 'थ्रेशर' अटलांटिकमध्ये चाचणीच्या बुडीवर असताना १२९ माणसांसह नाहीशी झाली. अशा पाणबुडीला वर आणायचं तर टाक्यांमधलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलावं लागतं. त्या हवेच्या नळ्यांमध्ये ओलावा गोठून बर्फ धरला आणि हवा पुरेशी गेलीच नाही, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. खाली जाण्यात थ्रेशर कमी पडली नव्हती. वर आणणारा मार्ग ऐन वेळी बंद झाला आणि दुसरा मार्ग उरला नाही. तिचे अवशेष शोधायला त्रिएस्तेलाच बोलवावं लागलं. लहान, चपळ, स्वतःच्या बळावर वर येणारी पाणबुडी का हवी, हे सांगायला यानंतर फार युक्तिवादाची गरज उरली नाही.

तशी पाणबुडी हवी म्हणून वुड्स होलचे ॲलिन व्हाईन हे शास्त्रज्ञ आधीपासूनच आग्रह धरत होते. त्यांचं म्हणणं असं, की बीगल जहाजावर डार्विनच्या जागी कोणतंही उपकरण ठेवलं असतं तरी त्याने डार्विनचं काम केलं नसतं; खोल समुद्रातही जाणकार डोळा खिडकीशी पोचला पाहिजे. पाणबुडीचं नाव त्यांच्याच नावावरून पडलं. पैसा नौदलाचा होता आणि मालकी आजही नौदलाचीच आहे. बांधणीचं काम मिळालं जनरल मिल्स कंपनीला. सकाळच्या न्याहारीचे धान्यपदार्थ बनवणाऱ्या या कंपनीचा मिनियापोलिसमध्ये यंत्रं बनवणारा एक विभाग होता आणि तिथल्या हॅरल्ड फ्रोलिक या अभियंत्याने आराखडा केला. ५ जून १९६४ रोजी ॲल्व्हिन सेवेत आली. तेव्हा तिचा गोल पोलादाचा होता आणि मर्यादा सुमारे १,८०० मीटरची. गोलात तीन माणसं बसत, एक पायलट आणि दोन शास्त्रज्ञ.

पेट्रोलच्या टाकीऐवजी तिच्यात एक नवा पदार्थ वापरला गेला. काचेच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्या राळेत कालवून केलेले घट्ट ठोकळे. हे ठोकळे दाबाखाली चुरत नाहीत आणि पाण्यापेक्षा हलके असतात. वर नेणारी शक्ती आता यानाच्या अंगातच मुरली. तिच्यासाठी गळू शकेल अशी टाकी नको, की फुटू शकेल अशी नळी नको. ॲल्व्हिन स्वभावतः तरंगणारी आहे. बुडण्यासाठीच तिला काहीतरी करावं लागतं, ते म्हणजे कुशीला लोखंडी वजनं लावणं.

तिच्या बुडीचा दिवस असा असतो. सकाळी जहाजावरून तिला पाण्यात उतरवतात. वजनांच्या भाराने ती मिनिटाला सुमारे तीस मीटर वेगाने खाली जाते. काही मिनिटांत उजेड संपतो. अडीच हजार मीटर गाठायला दीड तास लागतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी त्या वेळात बाहेरचे दिवे बंदच ठेवतात. तळ जवळ आला की पायलट काही वजनं सोडतो. मग ती ना बुडत, ना तरंगत अशी अधांतरी राहते आणि पंख्यांच्या जोरावर हिंडू लागते. चारेक तास काम झालं की उरलेली वजनं सोडायची. ती आपोआप वर येऊ लागते. वर यायला मोटार लागत नाही, वीज लागत नाही, जहाजाची मदत लागत नाही.

आणि वजनं सुटलीच नाहीत तर? तेव्हा जड बॅटऱ्या टाकून देता येत. यांत्रिक हात कशात अडकला तर हातच सोडता येई. इतकं करूनही सुटका झाली नाही, तर जुन्या ॲल्व्हिनमध्ये शेवटचा उपाय होता: माणसांचा गोल सांगाड्यापासून मोकळा करायचा. बाकी सगळी पाणबुडी तळाशी राहील आणि तिघं बसलेला गोल एकटा वर येईल. त्याआधी विचार करायला, वाट पाहायला वेळ मिळावा म्हणून आत तिघांना ७२ तास पुरेल एवढी श्वासाची व्यवस्था. काय काय सोडून द्यायचं आणि कोणत्या क्रमाने, हे आराखडा करतानाच ठरलं होतं. हा शेवटचा उपाय प्रत्यक्ष वापरण्याची वेळ कधी आली नाही. तरीही तो ज्यांनी कागदावर आखला आणि लोखंडात उतरवला, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

पहिलं मोठं काम मात्र विज्ञानाचं नव्हतं. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधल्या पालोमारेस गावाच्या आकाशात अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान हवेत इंधन घेताना दुसऱ्या विमानावर आदळलं. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रात गेला. तो कुठे पडला हे फ्रान्सिस्को सिमो ओर्ट्स या मच्छीमाराने पाहिलं होतं आणि त्याने दाखवलेली जागा बरोबर ठरली. १५ मार्चला ॲल्व्हिनला पॅराशूटमध्ये गुंडाळलेला बॉम्ब दिसला. दोर बांधून वर खेचताना दोर तुटला आणि बॉम्ब आणखी खोल घसरला. ॲल्व्हिनने तो पुन्हा हुडकला. ७ एप्रिलला दूरनियंत्रित यंत्राच्या मदतीने तो वर आला तेव्हा ते यंत्रच पॅराशूटमध्ये गुरफटलेलं होतं आणि दोन्ही एकत्र ओढून काढावी लागली. त्या यंत्राच्या जागी माणसं असलेली ॲल्व्हिन असती तर, हा प्रश्न तेव्हाच्या पायलटांना पडल्याशिवाय राहिला नसेल. पुढच्याच वर्षी सुमारे सहाशे मीटरवर एका तलवार माशाने ॲल्व्हिनवर हल्ला केला आणि त्याची तलवार बाहेरच्या आवरणाच्या सांध्यात रुतून बसली. पायलटने काय झालं याची चौकशी खाली करत बसण्याऐवजी पाणबुडी सरळ वर आणली. मासा तसाच अडकून वर आला.

ॲल्व्हिन एकदाच बुडाली, आणि ती खोल समुद्रात नव्हे, तर पृष्ठभागावर. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी 'लुलू' या तिच्या मदतनीस जहाजावरून तिला पाण्यात उतरवत होते. झाकण उघडं होतं. पोलादी दोर तुटला, पाणबुडी पाण्यावर आपटली आणि आत पाणी घुसू लागलं. आतली तिन्ही माणसं जेमतेम बाहेर पडली आणि पाणबुडी रिकामीच सुमारे दीड हजार मीटर खाली गेली. या प्रसंगाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. पाण्याखाली तिच्याकडे वर येण्याचे चार-चार मार्ग होते. पण उघड्या झाकणासह दोराला लटकलेली असताना त्यातला एकही कामाचा नव्हता. त्या काही मिनिटांपुरती ती बीब यांच्या गोलासारखी परस्वाधीन होती, आणि नेमका तेव्हाच घात झाला.

दहाएक महिन्यांनी, १९६९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तिला वर काढण्यात आलं. 'ॲल्युमिनॉट' नावाच्या दुसऱ्या पाणबुडीने खाली जाऊन तिच्या उघड्या झाकणातून आत एक दांडा अडकवला आणि 'मायझर' जहाजाने तो दोराने ओढला. आत शास्त्रज्ञांच्या दुपारच्या जेवणाचे डबे तसेच होते: सँडविच, सफरचंदं, मांसाचं सूप. सगळं पाण्याने भिजलेलं, पण खाण्याजोगं. तेच पदार्थ नंतर तशाच थंडाव्यात शीतकपाटात ठेवले तर काही आठवड्यांतच नासले. होल्गर यानाश या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हा धागा पकडला. मुद्दाम प्रयोग करून त्याने दाखवलं, की खोल समुद्रात जंतूंचं कुजवण्याचं काम अतिशय मंद चालतं. खोल समुद्र ही कचरा फेकायला बरी जागा आहे, तिथे सगळं आपोआप जिरून जाईल, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. तिला या डब्यांनी मोठा तडा दिला. बुडालेली पाणबुडी तिथेच सोडून दिली असती, तर त्या समजुतीचं आयुष्य आणखी वाढलं असतं.

अपघातानंतर ॲल्व्हिन पुरती उलगडून पुन्हा जोडली गेली. १९७३ मध्ये पोलादी गोल काढून टायटॅनियमचा बसवला. टायटॅनियम पोलादाच्या तोडीचं मजबूत आणि बरंच हलकं, गंज न धरणारं. मर्यादा एकदम ३,६०० मीटरवर गेली आणि महासागरांच्या मध्यातले पर्वत आवाक्यात आले. १९७४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांच्या बरोबरीने अटलांटिकच्या मधल्या दरीत ती उतरली. तिथे एका बुडीत ती खडकाच्या फटीत अडकली. वजनं सोडून उपयोग नव्हता, कारण वर खडकाची कड होती. पायलटने पुढे-मागे इंचाइंचाने हलवत, आत शिरताना केलेल्या हालचाली उलट्या करत तिला बाहेर काढलं. यंत्रात केलेल्या सगळ्या सोयी संपल्यावर जे उरतं, ते चालवणाऱ्याचं ज्ञान. पायलटांच्या तयारीकडे म्हणूनच जरा थांबून पाहिलं पाहिजे.

ॲल्व्हिनचा पायलट व्हायचं तर आधी तिचा मिस्त्री व्हावं लागतं. उमेदवार वर्षानुवर्षं तिची देखभाल करतो, भाग सुटे करतो, साफ करतो, जोडतो. प्रत्येक यंत्रणेची आकृती त्याला न पाहता काढून दाखवावी लागते. मग संस्थेची आणि नौदलाची तोंडी परीक्षा. जो दुरुस्त करतो तोच चालवतो, आणि जो चालवतो तोच आत बसून खाली जातो. एखादा बोल्ट नीट आवळला गेला की नाही, याचं उत्तर ज्याला स्वतःच्या जिवाने द्यायचं आहे, त्याच्याच हातात पाना आहे. दर तीन ते पाच वर्षांनी पाणबुडी शेवटच्या सांध्यापर्यंत सुटी केली जाते, प्रत्येक भाग तपासला जातो, संशय आला की बदलला जातो. १९६४ सालचं आज तिच्यात काही उरलेलं नाही. तिचं दीर्घायुष्य या नियमित उकलण्यात आहे. ती चांगली चालते आहे म्हणून तिला उघडायचं टाळलं, असं तिथे होत नाही.

आता १९७७. त्या वर्षी फेब्रुवारीत गॅलापागोस बेटांजवळ, अडीच हजार मीटरवर, ॲल्व्हिनने केलेला शोध विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शोधांत मोडतो. पायलट जॅक डॉनेली, बरोबर जॅक कॉर्लिस आणि त्येर्ड फान आंडेल हे भूशास्त्रज्ञ. समुद्रतळाच्या भेगांतून गरम पाण्याचे झरे निघत असावेत असा अंदाज होता, तो पाहायला ते गेले होते. झरे सापडले. पण त्यांच्याभोवती पांढरे शिंपले, खेकडे आणि नळ्यांमध्ये राहणारे लाल तुऱ्याचे किडे यांची दाट वस्ती होती. सूर्यप्रकाशाचा मागमूस नसलेल्या त्या जागी एवढं जीवन पाहून, खोल समुद्र तर वाळवंटासारखा असायला हवा ना, असा प्रश्न कॉर्लिस यांनी पाण्याखालच्या फोनवरून वर जहाजाला विचारला.

त्या मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण जीव सापडतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. प्राणी टिकवून ठेवायला लागणारं रसायन थोडंसंच होतं. तेव्हा काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात ठेवले गेले. वर आणलेल्या पाण्याच्या बाटल्या उघडल्या तर सडक्या अंड्यांचा वास. तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि पुढच्या सगळ्या उलगड्याची किल्ली त्या वासात होती. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, ॲल्व्हिन जीवशास्त्रज्ञांना घेऊन त्याच झऱ्यांवर परत गेली. तिने आणलेल्या नळीकिड्यांना ना तोंड होतं, ना आतडं. मग ते जगत कशावर? याचं उत्तर हार्वर्डमधल्या कॉलिन कॅव्हनॉ या तरुण विद्यार्थिनीला सुचलं. या किड्यांच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडतात, हे एका व्याख्यानात ऐकताच तिने ताडलं, की त्यांच्या आत जंतू राहतात, ते हायड्रोजन सल्फाइडमधल्या ऊर्जेवर अन्न तयार करतात आणि किडा त्यावर जगतो. १९८१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा विचार तिला सुचला तो खाली जाऊन नव्हे, वर आलेल्या नमुन्यांवरून. सूर्याशिवाय उभी राहिलेली एक अख्खी जीवसृष्टी आपल्याला कळली, ती ॲल्व्हिन वर आली, वस्तू घेऊन आली आणि पुन्हा जाऊ शकली म्हणून. मानवी डोळ्यांनी पाहणं जितकं मोलाचं, तितकंच हे येणं-जाणं मोलाचं.

त्याच १९७९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर, पॅसिफिकच्या तळाशी, काळा धूर ओकणाऱ्या दगडी चिमण्या सापडल्या. पायलटने तापमापकाचा दांडा एका चिमणीच्या तोंडात घातला. आकडा मोजपट्टीच्या बाहेर गेला. वर आल्यावर पाहतात तर दांड्याचं टोक वितळून काळं पडलेलं. नंतर नव्या तापमापकाने मोजलं, तेव्हा पाणी साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या घरात निघालं. पाणबुडीच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या, आणि ॲक्रिलिक त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडतं. आपण कशाच्या किती जवळ गेलो होतो, हे त्यांना जहाजावर आल्यावर कळलं. तेव्हापासून चिमणीजवळ कसं जायचं याचे नियम ठरले.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये ॲल्व्हिन टायटॅनिकच्या अवशेषांवर गेली आणि जगभर प्रसिद्ध झाली; विज्ञानाच्या दृष्टीने ते तिचं मोठं काम नव्हे. २०१३ च्या सुमारास तिला आणखी मोठा, पाच खिडक्यांचा नवा टायटॅनियम गोल मिळाला. तो ६,५०० मीटरसाठी केलेला होता. तरीही पाणबुडी जुन्याच मर्यादेत चालवली गेली, कारण ठोकळे आणि इतर यंत्रणा त्या खोलीच्या नव्हत्या. गोल तयार असताना संस्थेने जवळपास आठ-नऊ वर्षं वाट पाहिली. २०२२ च्या जुलैमध्ये प्वेर्तो रिकोच्या गर्तेत ६,४५३ मीटरची बुडी झाली आणि नवी मर्यादा मंजूर झाली. जगाच्या समुद्रतळाचा सुमारे ९९ टक्के भाग आता तिच्या आवाक्यात आहे.

२०२५ च्या एप्रिल अखेरीस ती पॅसिफिकमधल्या अशा एका झऱ्यावर गेली, जो शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं पाहत आले होते. आदल्याच दिवशी तिथे किड्यांची वस्ती डुलत होती. त्या दिवशी वस्ती जागेवर नव्हती. ताजा लाव्हा पसरला होता, पाणी कणांनी गढूळ झालं होतं. बाहेरचं तापमान चढतंय हे पायलटने पाहिलं आणि बुडी तिथेच संपवली. समुद्रतळावर चालू असलेला उद्रेक इतक्या जवळून पाहण्याची संधी क्वचितच कुणाला मिळाली असेल. तरी निघण्याचा निर्णय पायलटचा आणि तो वादाचा विषय नव्हता.

याच्या समोर २०२३ चा जून ठेवून पाहायला हवा. टायटॅनिक पाहायला निघालेली 'टायटन' ही ओशनगेट कंपनीची पाणबुडी १८ जून रोजी पाच माणसांसह चिरडली गेली. टायटनलाही वजनं होती आणि ती सोडण्याचे अनेक मार्ग होते. पण माणसं बसण्याची जागा कार्बन तंतूंच्या नळकांड्याची होती, आणि कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून ती तपासून घ्यायला कंपनीने नकार दिला होता. या क्षेत्रातल्या जाणकारांनी २०१८ मध्येच लेखी इशारा दिला होता. २०२२ च्या एका बुडीनंतर वर येताना मोठा आवाज झाला. त्या वेळी तंतूंचे थर एकमेकांपासून सुटले होते, असा निष्कर्ष नंतरच्या तपासात निघाला. तो आवाज ऐकून पाणबुडी उघडून तपासायला हवी होती. ते झालं नाही. वर येण्याचा पहिला मार्ग म्हणजे ती भिंतच, आणि ती कितव्या खेपेला दमेल हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. हा अपघात साहसाची किंमत म्हणून सांगितला जातो, ते मला मान्य नाही. ती टाळता येण्याजोगी हानी होती.

आपल्याकडेही हा विषय आता दारात आला आहे. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून हिंदी महासागराच्या तळाचे धातूयुक्त गोटे भारतातर्फे पहिल्यांदा वर आणले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले हे गोटे मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरच्या आसपास पसरलेले आहेत, आणि १९८७ मध्ये तिथलं क्षेत्र भारताच्या नावावर नोंदलं गेलं. त्या खोलीवर माणसं नेण्यासाठी चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य-६०००' बांधते आहे. तीन माणसांचा टायटॅनियमचा गोल, ८० मिलिमीटर जाडीची भिंत, आणीबाणीत ९६ तास पुरेल अशी श्वासाची व्यवस्था. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात तिच्या यंत्रणांच्या उथळ पाण्यातल्या चाचण्या झाल्या.

तिच्या वाटेत तारखा लांबणार आहेत. टायटॅनियमची जाड भिंत जोडणं, तो जोड निर्दोष आहे हे सिद्ध करणं, पायलट घडवणं, यातलं काहीही घाईने होत नाही. ॲल्व्हिनने तयार गोल हाती असताना जवळपास आठ-नऊ वर्षं थांबून दाखवलं आहे. म्हणून वाचकांना एक विनंती. मत्स्यची खोल चाचणी पुढे ढकलली अशी बातमी वाचनात आली, तर तिला अपयश समजू नका आणि कुणी तसं म्हणालं तर त्याला हा इतिहास सांगा. आणि ती सहा हजार मीटरवर जाऊन आली अशी बातमी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी एवढं जरूर विचारा: तिची पुढची बुडी कधी आहे, आणि त्याआधी तिचे कोणते भाग उघडून तपासले जाणार आहेत?